बोलण्याची मर्यादा, सोसण्याची मर्यादा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अभ्यासवर्ग घेते. वर्ग संपला की टेबलावर चिठ्ठ्या साचलेल्या असतात. काही रागाने लिहिलेल्या, काही खरोखर गोंधळून. शब्द बदलतात, प्रश्न फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. माझी बाजू आधीच सांगते : माणसाला इजा होत असेल तिथे बोलणं अडवावं, मत दुखावलं एवढ्यासाठी अडवू नये. ही रेषा प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वाकते. कुठे वाकते, ते पुढच्या उत्तरांत येईल.

१. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे मनात येईल ते बोलायची मोकळीक का?

नाही. तशी मोकळीक जगात कुठेच नाही. खंडणीची धमकी, खोटी साक्ष, लाचेचा निरोप, खुनाची सुपारी हे सगळं शब्दांतूनच होतं आणि कुठलाही देश त्याला स्वातंत्र्य म्हणत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात १९ वं कलम या हक्काचं आहे. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नागरी आणि राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, त्यात बंधनं कधी चालतील हेही लिहिलं. बंधन कायद्यात आधीच नमूद हवं, ते खरोखर गरजेचं हवं, आणि कारणंही ठरावीक : इतरांचे हक्क आणि अब्रू, देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता.

म्हणजे कारण देण्याची जबाबदारी गप्प बसवणाऱ्यावर आहे. मी का बोलतो, याचा खुलासा बोलणाऱ्याकडे मागायचा नसतो. आणि हा हक्क ऐकणाऱ्याचाही आहे, हे फार सहज विसरलं जातं. कराराच्या त्याच कलमात माहिती आणि विचार मिळवण्याचा हक्क आहे. एका लेखकावर बंदी येते तेव्हा हजारो वाचकांच्या वतीने कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं असतं की यांना हे झेपणार नाही.

२. मग रेषा नेमकी कुठे आखायची? सोपं करून सांगा.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये दिलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या उदाहरणाहून सोपं मला अजून सापडलेलं नाही. 'धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात' असं एक वाक्य आहे. ते वर्तमानपत्रात छापून आलं तर ते मत झालं. चुकीचं असेल, अन्यायाचंही असेल. पण वाचणारा आपल्या घरी बसलेला आहे. व्यापारी उत्तर लिहू शकतो, कुणीतरी आकडे काढून दाखवू शकतं. आता तेच वाक्य, काना-मात्राही न बदलता, त्या व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या चिडलेल्या गर्दीपुढे कुणी ओरडून म्हणतो. दार आतून लावलेलं आहे, आत माणसं आहेत. मिल म्हणतो, इथे शिक्षा करणं रास्त आहे.

वाक्य एकच आहे. बदललंय ते शब्द आणि दगड यांच्यामधलं अंतर. मधे कुणाला उत्तर द्यायला, विचार करायला, पोलिसांना पोचायला वेळ उरलाय का? वेळ असेल तर उत्तर द्यावं. नसेल तर थांबवावं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी याच अंतराकडे परत येणार आहे.

३. सहिष्णु माणसाने सगळं मान्य करायचं असतं का?

सहिष्णुता हा शब्द 'सह्' धातूवरून आला आहे : सोसणं. आवडणारी गोष्ट कुणाला सोसावी लागत नाही. जे पटत नाही, खुपतं, चुकीचं वाटतं, आणि थांबवायची ताकद हातात असूनही आपण थांबवत नाही, तिथेच हा शब्द लागू होतो. ज्याला काहीच खुपत नाही तो उदासीन, आणि ज्याच्या हातात काहीच नाही तो लाचार. सहिष्णु माणूस मोठ्याने म्हणू शकतो की तुझं मत मला घातक वाटतं. म्हणायलाच हवं.

या शब्दाला एक जुना डागही आहे. राजाने सोसायचं आणि प्रजेतल्या काहींनी उपकार मानायचे, असा तो पूर्वी वापरला गेला. फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केलं आणि लाखाहून जास्त माणसं देश सोडून गेली. मेहेरबानी म्हणून दिलेलं मेहेरबानी संपली की जातं. म्हणून मी वर्गात सहिष्णुतेआधी हक्क शिकवते. कायद्याने हक्क द्यावा, शेजाऱ्यांनी सहिष्णुता ठेवावी.

४. माझ्या भावना खरोखर दुखावल्या आहेत. हे बंदीसाठी पुरेसं कारण का नाही?

तुमचं दुःख खरं आहे, त्यावर मी शंका घेत नाही. एकदा भर वर्गात माझ्या दिवंगत वडिलांच्या विचारांची टिंगल झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तरीही बोलणाऱ्याला गप्प करण्याचा अधिकार मला मिळाला असं मला वाटलं नाही, कारण दुखावलेपण मोजायचं माप दुखावलेल्याच्याच हातात असतं. कायद्याने ते माप मान्य केलं तर जो जास्त चिडेल त्याला जास्त हक्क मिळतात. चिडणं फायद्याचं ठरतं, आणि समाज चिडायला शिकतो. मुकाट सोसणाऱ्याच्या भावना मात्र कुणाच्या खिजगणतीत राहत नाहीत.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्ये हँडीसाइड या प्रकाशकाच्या खटल्यात म्हटलं की राज्याला किंवा लोकांच्या एखाद्या गटाला दुखावणारे, धक्का देणारे, अस्वस्थ करणारे विचारही या हक्कात येतात. तो प्रकाशक खटला हरला, तत्त्व मात्र टिकलं आणि आजही उद्धृत होतं. ईशनिंदेचे गुन्हे इंग्लंड आणि वेल्सने २००८ मध्ये, नॉर्वेने २०१५ मध्ये, डेन्मार्कने २०१७ मध्ये कायद्यातून काढले. आयर्लंडमध्ये २०१८ ला जनमत घेऊन ते राज्यघटनेतून वगळलं गेलं. पण वारं एकाच दिशेला वाहतं असं समजू नका : डेन्मार्कनेच २०२३ मध्ये धर्मग्रंथांची जाहीर विटंबना रोखणारा नवा कायदा केला.

धर्म, विचारसरणी, राष्ट्र, महापुरुष यांवर टीका होऊ शकते. त्यांना मानणाऱ्या माणसांवर हल्ला करा असं म्हणता येत नाही. हा फरक कसा ओळखायचा ते प्रश्न ६ मध्ये.

५. 'शब्दांनी कुणी मरत नाही' असं तुम्ही म्हणताय का?

मुळीच नाही. आफ्रिकेतल्या रवांडात शब्दांनी माणसं मेली.

आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र तिथे १९९३ च्या जुलैत सुरू झालं. लोकप्रिय गाणी, गप्पा, चेष्टामस्करी, तरुणांना आवडेल अशी भाषा. त्या गप्पांमधून तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजातल्या लोकांना 'इन्येन्झी' म्हटलं जायचं, म्हणजे झुरळं. हा शब्द महिनोन्‌महिने रोज कानावर पडत राहिला. १९९४ च्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर तोच आवाज माणसांची नावं, लपण्याच्या जागा, गाड्यांचे क्रमांक सांगू लागला. हत्यार हातात आणि रेडिओ कानाला, अशी माणसं रस्त्यावरच्या नाक्यांवर उभी होती. सुमारे १०० दिवसांत लाखो जीव गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला दोषी ठरवलं. २००७ च्या अपिलात शिक्षा कमी झाल्या आणि तिथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद केला गेला. कत्तल सुरू होण्यापूर्वीच्या, म्हणजे ६ एप्रिलपूर्वीच्या प्रसारणांनी द्वेष पसरवला हे स्पष्ट आहे, पण ती वंशसंहाराची थेट चिथावणी होती हे सिद्ध होत नाही, असं अपील न्यायालय म्हणालं. कत्तल सुरू झाल्यानंतरची प्रसारणं मात्र थेट चिथावणीत आली.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. झुरळ म्हणणं ही सुरुवात नव्हती का? होती. आजही मला वाटतं की त्या पहिल्या महिन्यांतच सरकारने, इतर वृत्तपत्रांनी, चर्चने, शेजारच्या देशांनी पुष्कळ करायला हवं होतं. जाहीर निषेध, प्रतिवाद, तुत्सी कुटुंबांना संरक्षण यांपैकी कशासाठीही कुणाला तुरुंगात टाकावं लागत नाही. गुन्ह्याची व्याख्या अरुंद ठेवायची तर बाकीच्या समाजाने जास्त जागं राहावं लागतं. ती किंमत मोजायची तयारी नसेल तर अरुंद व्याख्येचा आग्रह धरू नये, इथवर मी आता आले आहे.

६. द्वेषाचं भाषण आणि कडक टीका यांत फरक कसा करायचा?

२०१२ मध्ये मोरोक्कोच्या राबात शहरात संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी सहा कसोट्या ठरवल्या. परिस्थिती काय होती, बोलणारा कोण, त्याचा हेतू काय, शब्द आणि त्यांची मांडणी कशी, ते किती दूर पोचले, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता किती जवळची. सहाही एकत्र बघायच्या.

'या लोकांना इथून घालवलं पाहिजे' हे वाक्य घ्या. एखादा चिडलेला म्हातारा बाकावर बसून शेजाऱ्याला म्हणतो. संताप आणणारं आहे, पण गुन्हा धरण्यासारखं त्यात काही नाही. तेच एखादा मंत्री दंगलीच्या दुसऱ्या दिवशी, हजारोंच्या सभेत, एका वस्तीकडे बोट दाखवून म्हणतो. आता परिस्थिती पेटलेली, बोलणाऱ्याच्या हातात सत्ता, ऐकणारे हजारो, आणि वस्ती समोर दिसते आहे. मंत्र्याच्या तोंडी ते वाक्य मत राहत नाही.

टीका विचाराला नाव ठेवते, कृत्याला नाव ठेवते. द्वेषाचं भाषण जन्माने मिळालेल्या ओळखीवरून सगळ्या समूहाला माणसाच्या पंगतीतून उठवतं. किडे, रोग, घाण अशा उपमा सुरू झाल्या की मी कान टवकारते. लगेच पोलिसांकडे धावत नाही, पण बोलते मात्र लगेच.

७. जे स्वतः असहिष्णु आहेत त्यांना का सोसायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सोबत बहुतेक वेळा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं नाव असतं, आणि 'असहिष्णु लोकांना सोसू नका असं तो म्हणाला' एवढंच सांगितलेलं असतं. तो तेवढंच म्हणाला नव्हता.

पॉपर ऑस्ट्रियात जन्मलेला. नाझींचा धोका ओळखून देश सोडून न्यूझीलंडला गेला आणि महायुद्ध चालू असताना तिथे त्याने आपलं म्हणणं लिहिलं. १९४५ मध्ये ते छापून आलं, तेही एका टिपेत. अमर्याद सहिष्णुता शेवटी सहिष्णुतेलाच संपवते, हे त्याने म्हटलं. पण त्याच टिपेत पुढे आहे की असहिष्णु विचार युक्तिवादाने खोडता येत असतील आणि जनमताने आवाक्यात राहत असतील, तोवर त्यांची मुस्कटदाबी करणं अत्यंत अविचाराचं ठरेल. बळ वापरायचा अधिकार राखून ठेवायचा तो अशांविरुद्ध, जे वादच नाकारतात, आपल्या माणसांना युक्तिवाद ऐकू देत नाहीत, आणि उत्तर ठोशांनी किंवा पिस्तुलाने द्यायला शिकवतात.

म्हणजे रेषा मतावर नाही, वागण्यावर आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनेही १९७१ मध्ये जवळपास इथेच रेषा आखली : असहिष्णु माणसाला तक्रारीचा नैतिक हक्क नसेल, तरी त्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं ते स्वातंत्र्याच्या संस्थांनाच खरा धोका आहे असं सकारण वाटेल तेव्हाच.

'पॉपर म्हणालाय' म्हणून कुणी तुमचं तोंड बंद करू पाहत असेल तर त्याला ती टीप शेवटपर्यंत वाचायला सांगा.

८. जर्मनीने नाझींची तोंडं वेळीच बंद केली असती तर पुढचं टळलं असतं ना?

बंद केली होती. १९२३ च्या फसलेल्या उठावानंतर पक्षावर बंदी आली. १९२५ मध्ये बव्हेरियाने हिटलरला जाहीर भाषणांची मनाई केली, ती १९२७ पर्यंत टिकली. ज्यूद्वेषी साप्ताहिक चालवणाऱ्या श्ट्रायखरवर अनेक खटले झाले, त्याला तुरुंगवासही झाला. राज्य ढिलं पडलं ते दुसरीकडे. सशस्त्र उठावासाठी हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे नऊ महिन्यांत तो बाहेर आला. रस्त्यावर मारहाण करणाऱ्या टोळ्यांकडे न्यायाधीश आणि अधिकारी कानाडोळा करत राहिले. शब्दांना बंदी आणि हाणामारीला माफी, हा क्रम उलटा हवा होता.

पुढे २८ फेब्रुवारी १९३३ ला राज्यघटनेच्या ४८ व्या कलमातले आणीबाणीचे अधिकार वापरून नाझी सरकारनेच वृत्तपत्र, सभा, संघटना यांची स्वातंत्र्यं गुंडाळली. प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी ठेवलेलं हत्यार प्रजासत्ताकावरच चाललं.

युद्धानंतरच्या जर्मनीने यातून धडा घेतला तो असा की लोकशाहीने स्वतःचा बचाव करायचा, पण तो न्यायालयातून. १९५२ मध्ये नाझींचा वारसा सांगणारा एक पक्ष आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्ष घटनात्मक न्यायालयाने बंद केले. २०१७ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षाबाबत मात्र त्याच न्यायालयाने सांगितलं की याचे हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते तडीस नेण्याची ताकद त्याच्यात दिसत नाही, म्हणून बंदी नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची नाही, असा त्याचा अर्थ मी घेते.

९. 'भरल्या नाट्यगृहात आग आग ओरडता येत नाही' हे उदाहरण बरोबर आहे ना?

उदाहरण बरोबर, पण ते कुठून आलं तेही बघा. १९१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी खोटीच आग ओरडून घबराट पसरवणाऱ्याची उपमा दिली. समोरचा आरोपी शेंक हा समाजवादी पक्षाचा पदाधिकारी. त्याने काय केलं होतं? पहिल्या महायुद्धातल्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटली होती. त्याची शिक्षा कायम झाली. सरकारच्या धोरणाला विरोध करणारं पत्रक त्या उपमेने आगीच्या खोट्या आरोळीच्या रांगेत नेऊन बसवलं.

पन्नास वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्रँडनबर्ग खटल्यात त्याच न्यायालयाने कसोटी कडक केली : बोलण्याचा रोख तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याकडे हवा, आणि तसं घडण्याची शक्यताही हवी. त्या वेळी सुटलेला माणूस कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या संघटनेचा नेता होता. भरतीविरोधी पत्रकवाला तुरुंगात गेला आणि क्लॅनवाला सुटला, हे मनाला लागतं. पण दुसरी कसोटी आधी असती तर शेंकही सुटला असता.

१०. कार्यक्रमामुळे दंगा होईल अशी भीती असेल तर तो रद्द करणं शहाणपणाचं नाही का?

एका संध्याकाळपुरतं शहाणपणाचं वाटतं. पण त्यातून दंगेखोर काय शिकतो ते पाहा : धमकी दिली की काम होतं. पुढच्या वेळी धमकी लवकर येते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपणं म्हणजे दहशतीला शरण जाणं आहे, आणि बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे. बंधन घालायचंच तर धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा हवा. हिंसा करणारा कोण, हे आधी विचारावं. बोलणारा स्वतः जमावाला भडकवत असेल तर प्रश्न २ लागू होतो. जमाव त्याच्यावरच धावून येत असेल तर अडवायचं जमावाला.

खरोखर मनुष्यबळ कमी असेल, जीव जाण्याची भीती असेल, तर तारीख पुढे ढकलावी, जागा बदलावी. नवी तारीख त्याच दिवशी जाहीर करावी.

११. लोक माझ्यावर तुटून पडले, माझं व्याख्यान रद्द झालं. ही मुस्कटदाबी नाही का?

तुटून पडणं हे त्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य. तुम्हाला बोलायचा हक्क आहे, टाळ्यांचा नाही. तुमचं पुस्तक न घेणं, सभेतून उठून जाणं, तुमच्याविरुद्ध लेख लिहिणं, सगळं रास्त.

पण इथे मी थांबत नाही, कारण मिलनेच बजावलं होतं की समाजाची जुलूमशाही कधी कधी सरकारच्या जुलमाहून खोलवर पोचते. घरी धमक्या येणं, मुलांचे फोटो फिरवणं, एका वाक्यावरून कामावरच्या माणसाची रोजीरोटी काढून घेण्याची मोहीम चालवणं, हे टीकेच्या पलीकडचं आहे. मी दोन गोष्टी बघते. मारा बोलण्यावर आहे की जगण्यावर? आणि चूक कबूल केल्यावर माणसाला परत यायला वाट ठेवली आहे का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार सरकारच देतं असं नाही.

१२. समाजमाध्यमाच्या कंपनीने माझं लिखाण काढून टाकलं. माझा हक्क गेला का?

बहुतेक देशांत हा हक्क सरकारविरुद्ध चालतो. खाजगी कंपनी आपले नियम करू शकते. इथपर्यंत उत्तर सोपं आहे. पण जाहीर चर्चेचा मोठा भाग मोजक्या कंपन्यांच्या हातात असताना हे उत्तर मला अपुरं वाटतं. काढलेल्या लिखाणाचं कारण कळणं, दाद मागायला माणूस असणं, आणि सर्वांना सारखा नियम, एवढं तरी कायद्याने मागावं.

सरकारने कंपनीकरवी काम करून घेतलं तर काय होतं, याचा अनुभव जर्मनीने घेतला. २०१७ च्या कायद्याने उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढायचं बंधन आलं, दंड ५ कोटी युरोंपर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये 'टिटॅनिक' या व्यंग्य मासिकाचं खातं बंद झालं. त्यांनी एका राजकारणी बाईंच्या द्वेषपूर्ण विधानाचं विडंबन केलं होतं. ठेवल्याचा दंड आणि काढल्याला काहीच नाही, असा हिशेब समोर ठेवला की कंपनी काढतच जाणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

१३. खोटं बोलण्याचाही हक्क असतो का?

फसवणूक, बदनामी, शपथेवरचं खोटं याला कुठेच हक्क नाही. पण प्रत्येक असत्य विधानाला शिक्षा ठेवली तर टीकाच संपेल. १९६० मध्ये अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांच्या चळवळीसाठी एका वृत्तपत्रात जाहिरात छापली गेली. तिच्यात मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचं लिहिलं होतं. खरा आकडा चार होता. अशाच किरकोळ चुकांवर बोट ठेवून अलाबामातल्या एका अधिकाऱ्याने त्या वृत्तपत्राकडून ५ लाख डॉलरची भरपाई मिळवली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सार्वजनिक अधिकाऱ्याने दावा जिंकायचा तर छापणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा त्याने खऱ्याखोट्याची बेफिकिरी केली, हे दाखवावं लागेल. खाजगी माणसाला यापेक्षा जास्त संरक्षण मिळतं आणि तसंच हवं.

१४. वंशसंहार घडलाच नाही असं म्हणणाऱ्याला तुरुंगात टाकावं का?

इथे माझं मन पूर्ण ठाम नाही. ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्विंग यांचं प्रकरण दोन्ही बाजूंनी बोलतं. डेबोरा लिप्स्टाड या इतिहासकार बाईंनी त्यांना ज्यू-संहार नाकारणारे म्हटलं, म्हणून अर्विंग यांनीच लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. इतिहासकारांनी त्यांच्या लिखाणातल्या तळटिपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. एप्रिल २००० मध्ये अर्विंग हरले, आणि निकालपत्रात त्यांनी पुरावे कसे वाकवले ते नोंदवलं गेलं. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रियाने त्यांना याच विषयावरच्या जुन्या भाषणांसाठी तुरुंगात टाकलं, तेव्हा खुद्द लिप्स्टाड यांनी त्या कारवाईला पाठिंबा दिला नाही.

पहिल्या खटल्यातून खोटेपणा उघडा पडला. दुसऱ्यातून नवं काय कळलं, मला सांगता येत नाही. तरीही ज्या भूमीवर ते घडलं, जिथे वाचलेली माणसं शेजारी राहतात, त्या देशांनी असा कायदा ठेवला तर दुरून त्यांना शहाणपण शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

१५. विनोद आणि व्यंग्याला वेगळा नियम असतो का?

वेगळा नाही, जरा जास्त मोकळीक असते, कारण अतिशयोक्ती हा त्याचा स्वभावच आहे. प्रश्न ६ च्या कसोट्या लावून पाहा. बहुतेक विनोद त्यातून सुखरूप सुटतात. रवांडाच्या रेडिओवरही विनोद होते, एवढं लक्षात ठेवा.

१६. दुबळ्या समूहांना जास्त संरक्षण हवं. मग सगळ्यांना एकच नियम कसा?

नियम एकच, पण तो लावताना ताकदीतला फरक मोजायचा. तो प्रश्न ६ मध्ये आलाच आहे. वेगळा, कडक कायदा मागण्याआधी तो कोण राबवणार ते पाहा. ब्रिटनने १९६५ मध्ये वंशद्वेष भडकवण्याविरुद्ध कायदा केला. १९६७ मध्ये त्याखाली बारा महिन्यांची शिक्षा झालेल्यांत मायकेल एक्स हा काळ्या लोकांचा नेता होता. त्याचं भाषण हिंसेला चिथावणारं होतं, त्याचा बचाव मी करत नाही. पण ज्यांच्या रक्षणासाठी कायदा झाला त्यांच्यातलाच माणूस इतक्या लवकर आत गेला, हे विसरू नये. कायद्याची मूठ सत्तेच्या हातात असते.

१७. ज्याचा तिरस्कार वाटतो त्याच्या हक्कासाठी लढायचं? हे कुणी खरंच करतं का?

करतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या नाझी गटाने स्कोकी गावात मोर्चा काढायचं ठरवलं. तिथे छळछावण्यांतून वाचलेले पुष्कळ लोक राहत होते. गावाने मनाई केली. गटाच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली ती नागरी स्वातंत्र्य संघटना. तिचे तेव्हाचे प्रमुख आर्ये नायर स्वतः ज्यू, लहानपणी नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले. हजारो सदस्यांनी संघटना सोडली. खटला जिंकला, पण १९७८ मध्ये त्या गटाने स्कोकीत पाऊल टाकलं नाही. शिकागोत थोडा वेळ उभे राहून पांगले.

मला त्या गावातल्या माणसांची बाजूही तितकीच कळते. हातावर छावणीचा क्रमांक गोंदलेला आणि खिडकीतून तेच चिन्ह पुन्हा बघायची पाळी. युरोपातल्या बऱ्याच देशांत त्यांना ही पाळी आली नसती. कुणाचं बरोबर, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं करून अमेरिकेतही चालणार नाही आणि युरोपातही चालणार नाही. जो नियम निवडाल तो नावडत्यालाही लावावा लागेल.

१८. तुमच्यासारख्यांना बोलूच देऊ नये असं माझं मत आहे. हे छापाल का?

ही चिठ्ठी मला गेल्या वर्षी आली, सहीशिवाय. मी ती वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवली आणि लिहिणाऱ्याची इच्छा असेल तर पुढे येऊन बोलावं असं म्हटलं. मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. सात-आठ मिनिटं बोलला. आवाज कापत होता. त्याच्या आजोबांच्या गावात एका भाषणानंतर घरं जाळली गेली होती, आणि भाषण करणाऱ्याला पुढे काहीही झालं नव्हतं. वर्गात कुणी मधे बोललं नाही. प्रश्न ५ चं उत्तर त्या दिवसानंतर मी पुन्हा लिहिलं. आधीच्या उत्तरात शेवटचा परिच्छेद नव्हता.